पुतळीची गोळी

आमच्या आळीत कोणाला कसली गोळी चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणाची बीपीची, कोणाची साखरेची, कोणाची गुडघ्याची. पण नुसतं ‘गोळी’ म्हटलं की ती पुतळीची. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पेणचा केमिस्टसुद्धा ते चिठ्ठीत बघूनच वाचतो. मी एस.टी.त कंडक्टर होतो. पेण ते रोहा रस्त्यावरचे सगळे थांबे मी झोपेतही सांगीन, पण ते नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही. ‘पुतळीची गोळी’ म्हटलं की काम भागतं.

पुतळी माझी चुलत बहीण, बाबाजीकाकांची थोरली. पन्नाशीला आलीय. अंगानं चांगली भरलेली, बोलते कमी आणि जे बोलते ते तोडून बोलते. वजन गोळीमुळे वाढलं असं तिचं म्हणणं. मी तिला म्हणतो, गोळीबरोबर दोन वाट्या वालाचं बिरडं जातं त्याचं काय? त्यावर ती मला लाटणं दाखवते. पोह्यांचे पापड लाटण्यात तिचा हात धरणारं आमच्या गावात कोणी नाही. मुंबईचे लोक पेणला गाडी थांबवून जे पापड घेतात त्यातले काही तिच्या हातचे असतात. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, खाऊन बघा.

गाव आमचं गडबच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या बाजूनं मातीचा बांध घातलेला आहे आणि बांधाला मधेच एक दार ठेवलेलं आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिच्यातून शेतातलं पाणी बाहेर जातं. भरती चढली की पाण्याच्याच दाबानं झडप लागते. पण झडपेत ओंडका नाहीतर गाळ अडकला तर ती नीट बसत नाही, आणि एका उधाणात अख्ख्या गावाचं भात खारवून जातं. ही उघाडी बघायचं काम बाबाजीकाकांकडे होतं. सरकारी नोकरी नव्हे, गावानं सोपवलेलं काम. उधाणाचे दिवस आले की संध्याकाळच्या ओहोटीला काका कोयता आणि काठी घेऊन बांधावर जायचे, झडप साफ करायचे आणि घरी येऊन मगच जेवायचे. काका जेवले म्हणजे गाव निर्धास्त झोपायचं.

पुतळीला रोह्याला दिली होती. नवरा कंपनीत होता, माणसं वाईट नव्हती. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि तिला नळात माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. नळ सोडला की पाण्यातून आवाज यायचे, सगळे तिच्याबद्दल, आणि एकही चांगलं बोलायचा नाही. ती नळाच्या तोंडाला फडकं बांधून ठेवायची. पुढं पुढं पाणी प्यायचीच बंद झाली. सासरच्यांनी भगताकडे नेलं, अंगारे लावले, दोन कोंबड्या घालवल्या आणि शेवटी तिला माहेरी आणून सोडलं. परत न्यायला कोणी आलं नाही. सासरच्यांना नावं ठेवायला आमची जीभ वळवळत होती, पण आम्ही तरी काय केलं? आम्हीही आणखी एक भगत गाठला.

मग कोणीतरी काकांना पेणच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. काका तिला माझ्याच गाडीतून घेऊन गेले. ती कानात बोटं घालून बसली होती आणि लोकांनी बघू नये म्हणून काकांनी तिच्या डोक्यावर आपला टॉवेल धरला होता. लोक तरीही बघत होते. मला इतका राग आला की मी दोघातिघांना उगाचच सुट्ट्या पैशांवरून झापलं.

‘हा मेंदूचा आजार आहे, सिझोफ्रेनिया,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘बाधा नाही, आणि कोणाचा दोष नाही. गोळी रोज जायला हवी. कोणीतरी समोर उभं राहून द्या.’

काकांनी ते काम उघाडीसारखंच अंगावर घेतलं. रात्रीचं जेवण झालं की ते गोळी तिच्या तळहातावर ठेवायचे. ‘घे. पाणी पी. आता दाव.’ पुतळी तोंड उघडून दाखवायची, कारण सुरुवातीला तिनं गोळ्या गालात धरून चुलीमागं थुंकल्या होत्या. शिवाय ती झोपायला भ्यायची. आपण झोपलो की नळातली माणसं घरात शिरतात असं तिला वाटायचं. म्हणून काका शेवटी म्हणायचे, ‘आता नीज. मी हाय जागा.’ आणि खरोखर ती झोपेपर्यंत भिंतीला टेकून बसायचे.

गोळीनं लगेच सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. पहिल्या वर्षी तिचे हात थरथरायचे, हनुवटीवर लाळ यायची, चालणं लाकडी बाहुलीसारखं व्हायचं. पापड एका बाजूनं जाड तर दुसऱ्या बाजूनं फाटलेला. डॉक्टरबाईंनी गोळी बदलली, मात्रा कमीजास्त करून बघितली, तेव्हा कुठं हात ताळ्यावर आले. आवाज आधी लांब गेले, मग बंद झाले. एकदा मधेच तिनं ‘आता बरी हाय ना मी’ म्हणून गोळी सोडली होती. काही दिवस बरे गेले, आणि एका सकाळी मोरीतल्या नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं दिसलं. त्यानंतर मात्र वीस वर्षांत गोळी चुकली नाही. समोर उभं राहायची गरज उरली नव्हती, तरी काकांचं ‘घे, पाणी पी, दाव’ चालूच राहिलं. केस पिकलेली बाई पोरीसारखं तोंड उघडून दाखवायची आणि आम्ही हसायचो. तीही हसायची.

काका ऐंशीला टेकले आणि विसरू लागले. आधी नावं गेली, मग नाती. मला ते माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारू लागले. मी ओ द्यायचो, त्यात माझं काय जातं? डॉक्टरबाई म्हणाल्या, डिमेन्शिया आहे, हळूहळू वाढत जाणार. गोळी आता पुतळी स्वतःच घेऊ लागली, कारण काकांना ती कशाची ते कळेनासं झालं होतं.

विसरण्याचं दुःख सोसता येत होतं. काकांचं संध्याकाळचं रूप सोसत नव्हतं. महिन्यातले काही दिवस सूर्य कलला की ते उठून दाराशी जायचे, कडी हलवायचे, ‘सोडा मला, जायाचं हाय’ म्हणून ओरडायचे. कुठं जायचंय ते सांगता यायचं नाही. आणि एकच विचारायचे, ‘कोयता कुठं हाय माझा?’ पिसाळल्यासारखा माणूस कोयता मागतोय म्हटल्यावर घरातली माणसं भिणार नाहीत तर काय? आम्ही कोयता माझ्या माळ्यावर लपवून ठेवला. एकदा ते मागच्या दारानं निसटले आणि खारफुटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेले सापडले. एकदा नम्रता आडवी गेली तर तिच्या मनगटावर काठी बसली.

नम्रता म्हणजे काकांच्या मुलाची, प्रविणची बायको. प्रविण रोह्याच्या कंपनीत शिफ्टला, कासूहून गाडी पकडतो, त्यामुळे घरातली लढाई तिच्या वाट्याला. कजाग नाही ती. पण सुजलेलं मनगट घेऊन ती एकदा प्रविणला माझ्यासमोर म्हणाली, ‘एकाला मी बगीन. दोघांना नाय झेपणार मला. एकाला तरी कुठं ठेवायचं ते तुमी ठरवा.’

पुतळी ओट्यावर पापड वाळत घालत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका शांत झाले. एकदम शांत. संध्याकाळी खुर्चीत बसून राहायचे, कडी हलवणं नाही, कोयता मागणं नाही. नम्रताच्या तोंडावर हसू आलं. प्रविण म्हणाला, आजार उताराला लागला. मी तर मारुतीला नारळ फोडून आलो. इतका चांगला आजार जगात कुठं असतो, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

हळूहळू काकांचं चालणं आखडलं. पाय उचलायचा सोडून ते फरफटवू लागले. चमचा धरला की हात थरथरायचा, हनुवटीवरून लाळ गळायची. ‘वय झालं,’ आम्ही म्हणालो. मग एका सकाळी ओट्याची पायरी उतरताना ते पुढच्या पुढं कोसळले. हात पुढं करून स्वतःला सावरायचंसुद्धा त्यांना जमलं नाही. कपाळ फुटलं. प्रविणनं आणि मी त्यांना उचललं, जखमेवर कापड बांधलं. हात रक्तानं भरले होते म्हणून मी मोरीत धुवायला गेलो.

नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं.

मी हात तसेच ठेवून प्रविणला हाक मारली आणि ते दाखवलं.

टाके घालून झाल्यावर आम्ही सगळे, नम्रता आणि पुतळीसुद्धा, तसेच डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी काकांचा हात कोपरातून वाकवून बघितला. वाकताना तो अडकत अडकत येत होता.

‘कुठली औषधं चालू आहेत यांना?’

‘बीपीची एक,’ प्रविण म्हणाला.

‘आणखी?’

‘आणखी काय नाय.’

पुतळी दाराशी उभी होती. ‘अर्धी माझी देते मी,’ ती म्हणाली. ‘अर्धी मी घेते.’

बाकीचं, काकांच्या संध्याकाळच्या निघण्यासकट, विचारून विचारून काढावं लागलं. रात्री ती काकांच्याच अडकित्त्यानं गोळी दुभागायची. अर्धी स्वतः घ्यायची, अर्धी केळ्याच्या फोडीत घालून त्यांना द्यायची. जी गोळी घेऊन आपण माणसात आलो, तिनं बाबा का येणार नाहीत, असा तिचा सरळ हिशोब. आमच्या खाडीकडे बोटभर निवटी मासळीसुद्धा शेजारी अर्धी दिल्याशिवाय कालवणात पडत नाही. तिनं गोळीचा वाटा घातला.

‘इष घालत होतीस बापाला?’ नम्रता ओरडली.

‘इष नाय,’ पुतळी म्हणाली. ‘वीस वर्षं मीच खाल्ली ना ती.’

डॉक्टरबाईंनी हात वर करून नम्रताला थांबवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘विष नाही आणि अमृतही नाही. हे अँटिसायकोटिक औषध आहे. पुतळीच्या आजाराला ते लागतंच. डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं वेगळं असतं. त्याचं अंग आखडतं, तो पडतो, मेंदूतला रक्तपुरवठा अडकून झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. माणूस शांत दिसतो म्हणून घरचे खूश असतात, पण तो बरा झालेला नसतो, दाबला गेलेला असतो. अगदीच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागला, दुसरं काही चालेना, तर मीही देते. पण अगदी थोडं, थोडे दिवस, आणि मधे मधे बोलावून बघते.’ मग त्या पुतळीकडे वळल्या. ‘नळ बोलतो का गं?’

पुतळीनं आधी काकांकडे बघितलं.

‘हळू बोलतो,’ ती म्हणाली.

‘अर्ध्या गोळीनं तुझं भागणार नाही. आख्खी घ्यायची. आजपासून.’ तिनं मान हलवली. ‘आणि यांना हे संध्याकाळचं रोज होतं का?’

‘रोज नाय,’ नम्रता म्हणाली. ‘अमुशा-पुनवेला होतं. म्हणून तर मी म्हणते, भायेरचं हाय कायतरी.’

‘त्या दिवसांत वेगळं काय असतं ते शोधा. माणूस विसरतो म्हणजे सगळंच विसरतो असं नाही.’

परतताना टमटममध्ये प्रविण बोलला. इतका वेळ त्यानं तोंड दाबून ठेवलं होतं. पनवेलकडे एक आश्रम आहे, त्यांच्याशी बोलतो म्हणाला. ‘एक महिना बगू. नळावरचं फडकं निघालं तर ठीक. नाय निघालं तर पुतळीला तिथं नेऊन सोडायची. मी कंपनीत असताना घरात काय चाललंय ते मला कळत नाय, रघूदादा. उद्या बाबा गेले असते तर?’ मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण तो चुकीचं काय बोलत होता तेही मला सांगता येईना, म्हणून मी चरफडत बसलो. पुतळी काकांच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून पदर धरून बसली होती.

गावचा रस्ता बांधाला लागून जातो. पाणी बांधाच्या पार कडेपर्यंत चढलेलं होतं. ‘उधाणाचं पानी हाय,’ टमटमवाला सहज म्हणाला, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही सगळे खाडीवर जन्मलेले. आमचे बापजादे ह्या चिखलात गेले. तरी अमावास्या-पौर्णिमा म्हटल्यावर आम्हाला भूत आठवलं, चंद्र आठवला, आणि त्याच दिवसांत येणारी मोठी भरती कोणाला आठवली नाही! काका उघाडी बघायला जात होते. नवा बांध झाला, लोखंडी झडपा बसल्या, हे त्यांच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं. पण उधाणाचे दिवस अंगात राहिले होते, आणि संध्याकाळची ओहोटी. कोयता त्यांना झडपेतली घाण तोडायला हवा होता. आम्ही गावाच्या रक्षणाला निघालेल्या माणसाला कोंडून ठेवत होतो आणि त्याला वेडा म्हणत होतो. मला स्वतःची आणि सगळ्यांची जाम चीड आली.

गोळी बंद झाल्यावर काकांचं अंग सुटायला वेळ लागला, पण सुटलं. पुढच्या अमावास्येला ऊन उतरताच ते दाराशी गेले. नम्रता मागं सरली. पुतळीनं त्यांच्या हातात काठी दिली आणि म्हणाली, ‘चला.’ मी बरोबर होतो. माळ्यावरचा कोयता काढून घेतला होता, पण माझ्या हातात, माझं काळीज तेवढं मोठं नाही. बांधावर पोचल्यावर काकांनी हात पुढं केला. मी पुतळीकडे बघितलं. ती म्हणाली, ‘दे त्यांना.’ दिला. काकांनी झडपेच्या चौकटीवर चढलेला वेल कापला, अडकलेली प्लास्टिकची पिशवी काठीनं ओढून काढली, मग काठीनं लोखंडावर ठोकून कान दिला.

‘बसलीय,’ ते म्हणाले.

घरी येऊन जेवले आणि झोपले. दरवेळी इतकं सोपं जातं असं नाही. कधी पावसात जाता येत नाही, कधी जाऊन आल्यावरही पुन्हा निघतात, एकदा माझ्या पाठीत काठी बसलीय. पण औषधावाचून बरेचसे दिवस निभतात.

काकांचं असं जमत आलं, आणि पुतळीचं जमेना. फडकं नळावर तसंच. नम्रता रोज जेवणानंतर तिला गोळी काढून द्यायची, पण देऊन पाठ वळवायची आणि भांड्यांना लागायची. तिला वाटायचं, एवढी मोठी बाई, घेईल. पुतळी पापडाला बसायची आणि मधेच हात थांबवून मोरीकडे कान द्यायची. पीठ वाळून जायचं. महिना भरत आला. प्रविणनं आश्रमात बोलून ठेवलं होतं, रविवारी न्यायचं ठरलं होतं. पुतळीलाही ते सांगितलं होतं. तिनं फक्त विचारलं, ‘बाबांना बांदावर कोण नेईल?’

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे मांदेली द्यायला गेलो. जेवणं नुकतीच उरकली होती. काका भिंतीला टेकून बसले होते आणि पुतळी त्यांच्यासमोर जमिनीवर. हातात अडकित्ता. माझ्यादेखत तिनं गोळीचे दोन तुकडे केले.

‘अजून अर्धी?’ माझा आवाज चढला. ‘परत त्यांना घालतेस?’

‘नाय. उरलेली टाकते.’

‘का गो? रविवारी तुला नेणार हायेत, कळतंय ना?’

‘आख्खी घेतली की मेल्यासारखी झोप लागते,’ ती म्हणाली. ‘बाबा उठले, कडी वाजली, तर मला आयकू नाय येणार.’

‘आणि नळ?’

‘नळाला फडकं बांदता येतं, दादा. बाबांना काय बांदू?’

नम्रता भांडी टाकून मोरीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

काका इतका वेळ पुतळीच्या हाताकडे बघत होते. ‘तू कोणाची गो?’ त्यांनी विचारलं.

‘बाबाजीची.’

‘बाबाजीला मी वळखतो. बरा मानूस हाय.’ मग ते पुढं वाकले. तिच्या पायाशी पडलेला अर्धा तुकडा त्यांनी बोटांनी चाचपत उचलला, तळहातावर घेऊन डोळ्याजवळ नेला. ‘ही फुटली कशी? आख्खी लागते ही.’

काकांनी तिचा हात ओढून घेतला, तो तुकडा दुसऱ्या तुकड्याशेजारी ठेवला आणि तिची मूठ मिटली.

‘घे,’ ते म्हणाले.

पुतळीनं दोन्ही तुकडे तोंडात टाकले.

‘पाणी पी.’

ती प्यायली.

‘आता दाव.’

पन्नाशीच्या बाईनं तोंड उघडलं. काकांना धड दिसत नाही, तरी त्यांनी मान वाकडी करून डाव्या गालात बघितलं, उजव्या गालात बघितलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘आता नीज,’ ते म्हणाले. ‘मी हाय जागा.’

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. नम्रता आत गेली आणि आपलं अंथरूण घेऊन बाहेर आली. बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याला लागून तिनं ते आडवं पसरलं, असं की तिला ओलांडल्याशिवाय कोणाला कडीपर्यंत पोचता येऊ नये.

‘नीजा ताई तुमी,’ ती म्हणाली. ‘मी बी हाय.’

काका भिंतीला टेकून बसल्या बसल्या पुतळीच्या आधीच घोरायला लागले. मग तीही झोपली. रविवारी प्रविण शिफ्टवरून आला तर नम्रतानंच त्याला सांगितलं, ताई कुठं जाणार नाहीत, आश्रमाला कळवून टाका. गोळी तेव्हापासून काकांच्या हातात देतात, आणि नम्रता शेजारी उभी असते. फडकं सुटायला त्यानंतर बरेच दिवस लागले. सुटलं तेव्हा पुतळीनं ते धुऊन वाळवलं आणि आता ती त्यानं पापडाचा पाट पुसते.